येऊरच्या रानात शेत कुठे होतं? जुन्या टोपोशीटवरून पठाराचा वापर ओळखण्याची रीत

सर्व्हे ऑफ इंडिया या नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याच्या तुकड्या पावसाळा संपला की बाहेर पडत आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की ऑफिसात परतत. त्यामुळे जुन्या टोपोशीटवर, म्हणजे या खात्याच्या डोंगर-ओढे-रानासह सविस्तर नकाशावर, ठाणे-नवी मुंबईकडचं येऊरचं, पारसिकचं किंवा खारघरचं पठार जे दिसतं, ते साधारण नोव्हेंबर ते मे या दिवसांतलं. तोवर नागली आणि वरी कापून झालेली असते, उतारावर सडही धड उरलेले नसतात, आणि डोळ्यांना दिसतात ते फक्त भातखाचरांचे बांध. सर्व्हेअरने बांध पाहिले तिथे पिवळा रंग दिला. बाकीचा उतार पांढरा राहिला किंवा झुडपांत गेला. ‘नकाशात शेती नाही, म्हणजे इथे कोणी कसत नव्हतं’ हे वाक्य ठाण्यात फार सहज बोललं जातं. ते चुकीचं का ठरतं आणि जुन्या नकाशातून खरं काय काढता येतं, हे इथे क्रमाने पाहू.

कोणती शीट लागते

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांक पद्धतीत आपला भाग ४७ क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतो. येऊर, तुळशी, विहार आणि ठाणे शहर ४७ ए/१६ मध्ये आहे. ही शीट ७२°४५′ ते ७३°०० पूर्व आणि १९°०० ते १९°१५ उत्तर एवढा भाग दाखवते. पारसिकची रांग आणि खारघरचं पठार तिच्या पूर्वेच्या ४७ ई/४ मध्ये सापडतं. पनवेल त्याच्या खाली, ४७ एफ/१ मध्ये.

गंमत अशी की शीटच्या दोन्ही कडा नेमक्या आपल्याला हव्या त्या जागेतून जातात. १९°१५′ ची रेघ येऊरच्या उत्तरेला डोंगर कापते, त्यामुळे घोडबंदरकडचा भाग ४७ ए/१५ वर जातो. ७३° ची रेघ ऐरोली-कळव्याच्या आसपासून जाते. म्हणून एकच शीट घेऊन बसू नका. शेजारची शीट वेगळ्या वर्षी मोजलेली असेल, तर कडेवर रानाचा रंग एकदम बदललेला दिसतो. तो बदल जमिनीवर झालेला नसतो, दोन मोजण्यांमधलं अंतर तसं दिसतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शीट ‘एक इंच = एक मैल’ प्रमाणाच्या, म्हणजे १:६३,३६०. मेट्रिक पद्धत आल्यावर तीच चौकट १:५०,००० वर आली. शक्य असेल तर दोन्ही मिळवा. १:२,५०,००० चे नकाशे या कामाला निरुपयोगी आहेत, अख्खं येऊर त्यावर बोटाच्या पेराएवढं होतं. नव्या ओपन सीरिज शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून घेता येतात. तुलनेला त्या लागतातच.

रंगाआधी समास वाचा

शीट हातात आली की लगेच हिरवा-पिवळा बघायला धावू नका. आधी समासातल्या चार गोष्टी वहीत उतरवा.

पहिली, सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष. ही दोन वेगळी असतात. ‘थोड्या दुरुस्त्यांसह पुनर्मुद्रण’ असा शेरा असेल, तर रस्ते आणि रेल्वे नवी पण रान आणि शेत जुनंच, असं हमखास असतं. दुसरी, समासातली छोटी संकलन-आकृती. शीटचा कोणता तुकडा कधी मोजला हे ती दाखवते. बहुतेक लोक ती बघतच नाहीत. तिसरी, समोच्च रेषांमधलं अंतर, फुटांत की मीटरांत. चौथी, खुणांची सूची. कारण एकाच खुणेचा अर्थ आवृत्तीगणिक थोडा बदलतो.

एकोणिसाव्या शतकातला नकाशा मिळाला, तर आणखी एक सापळा आहे. तेव्हाचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या जुन्या मोजणीवर बेतलेले होते आणि ते सुमारे २ मिनिटं २७ सेकंद जास्त निघतात. ठाण्याच्या अक्षांशावर एवढा फरक म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. समासातला आकडा जसाच्या तसा घातलात, तर येऊरचे पाडे खाडीत जाऊन पडतील. अशा नकाशाला रेखांश न देता ओळखीच्या ठिकाणांवर बसवा.

स्कॅन

कागद सपाट स्कॅनरवर, रंगीत, निदान ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके) आणि टिफ स्वरूपात घ्या. ३०० डीपीआयवर एक इंच नकाशाचा एक पिक्सेल जमिनीवर ५.४ मीटरचा होतो, ६०० वर २.७ मीटरचा. त्याहून पुढे जाऊन काही हाती लागत नाही, कारण छापलेली ०.३ मिलिमीटरची रेघच जमिनीवर १९ मीटर रुंद असते. मोबाइलने काढलेला फोटो वाचायला चालतो, मोजायला नाही. भिंग कडा वाकवतं.

कापडावर चिकटवलेले, घडीचे जुने नकाशे वेगळे हाताळा. त्यांचे चौकोनी तुकडे कापून मध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट सोडलेली असते. अख्खा नकाशा एकदम बसवला, तर प्रत्येक फटीला ६० ते १२० मीटरची चूक साचत जाते. प्रत्येक तुकडा वेगळा कापून वेगळा बसवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नकाशा जमिनीवर बसवणं

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीतलं जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅनला खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणारं साधन, पुरतं. १५ मिनिटांच्या शीटवर दर ५ मिनिटांनी अक्षांश-रेखांशांच्या रेघा असतात, म्हणजे ४ × ४ = १६ छेदबिंदू मिळतात. सोळाही घ्या. त्यांना निर्देशांक पद्धत द्यायची ती ईपीएसजी (निर्देशांक पद्धतींच्या यादीतला क्रमांक) ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५. इथे घाईत ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, दिलं, की सगळा नकाशा शंभर-सव्वाशे मीटर सरकतो, कारण जुन्या शीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) काढलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. कागदावर हे दोन मिलिमीटर. जमिनीवर मात्र तुमचं शेत शेजारच्या ओढ्यात जातं. एकदा बसवून झालं की ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करा. पुढची लांबी-क्षेत्रफळाची मोजणी तिथेच करा.

स्कॅन ताणून-वळवून बसवायच्या रूपांतराचा प्रकार जिओरेफरन्सरमध्ये निवडताना आधी पॉलिनॉमिअल १ लावून बघा. त्याला तीन बिंदू पुरतात आणि चुकलेला बिंदू लगेच उघडा पडतो. मग पॉलिनॉमिअल २, त्याला किमान सहा बिंदू लागतात. सरासरी चूक ३० मीटरच्या आत आली की एक इंच नकाशासाठी थांबा. थिन प्लेट स्प्लाइन मात्र जपून वापरा. ते प्रत्येक बिंदूतून जातंच, त्यामुळे चूक शून्याजवळ दिसते आणि तुम्ही टाकलेला चुकीचा बिंदू त्यात मुरून जातो.

आता पडताळणी. छेदबिंदूंवर बसवलेला नकाशा निदान चार ठाम ठिकाणांवर तपासा. ठाण्याकडे मासुंदा तलावाची कड, किल्ला, १८६० साली पुरा झालेला विहारचा बांध आणि १८७९ चा तुळशीचा बांध ही भरवशाची ठिकाणं आहेत. पारसिककडे १९१६ मध्ये सुरू झालेल्या बोगद्याची तोंडं, अर्थात त्यानंतर मोजलेल्या शीटवर. त्रिकोणमापनाचे बिंदू (सर्व्हेने मोजणीसाठी पक्के केलेले) माथ्यावर सापडले तर सोन्याहून पिवळं. खाडीची कड, मिठागरं, ओढ्यांचे संगम आणि झोपड्या तपासणीला घेऊ नका. यांतलं काहीही जागचं हललेलं असू शकतं. चारही ठिकाणं एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसली, तर तेवढा सरळ धक्का देऊन नकाशा हलवा. वेगवेगळ्या दिशांना सरकली, तर बिंदू पुन्हा तपासा.

रंग काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

रंगीत टोपोशीटवर पिवळा म्हणजे कसलेली जमीन, हिरवा म्हणजे झाडी, पांढरा म्हणजे बाकी सगळं. समोच्च रेषा तपकिरी, वस्ती आणि रस्ते लाल, पाणी निळं. कोरड्या ओढ्याची रेघ काळी असते. पठारावरच्या एखाद्या ओढ्याचा थोडासाच तुकडा निळा असेल तर तिथे थांबा. डिसेंबरनंतरही तिथे पाणी होतं, आणि जिथे पाणी तिथे पाडा.

हिरव्या रंगावर लिहिलेले शब्द महत्त्वाचे. ‘डेन्स मिक्स्ड जंगल’ (दाट मिश्र रान), ‘ओपन मिक्स्ड जंगल’ (विरळ मिश्र रान), ‘ओपन स्क्रब’ (विरळ झुडपं) हे सर्व्हेअरने डोळ्यांनी ठरवलेले शेरे आहेत. यांत ‘ओपन स्क्रब’ सगळ्यांत बोलका. कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची रीत अशी की पहिल्या वर्षी नागली, मग वरी, मग खुरासणी किंवा तीळ, आणि पुढे काही वर्षं पड. पड टाकलेल्या जमिनीवर दोन-तीन पावसाळ्यांत झुडूप उभं राहतं. सर्व्हेअर त्या वर्षी आला, तर त्याच्या लेखी ते स्क्रब. पाड्यापासून अर्ध्या-पाऊण मैलात, मध्यम उतारावर, पायवाटेला लागून असलेलं ओपन स्क्रब दिसलं की ‘वरकस असण्याची शक्यता’ असा वेगळा थर करून त्यात ते आखा. पिवळ्यात मिसळू नका, सोडूनही देऊ नका.

वनाची हद्द आणि झाडी या दोन वेगळ्या गोष्टी. राखीव वनाची ठिपक्यांची रेघ कायद्याची आहे. तिच्या आत पिवळे तुकडे असू शकतात आणि बाहेर घनदाट रान असू शकतं. दोन्हींचे थर वेगळे ठेवा.

आता मापाची मर्यादा. एक इंच नकाशावर १ चौरस मिलिमीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक एकर, ४० गुंठे. १:५०,००० वर तोच मिलिमीटर २५ गुंठ्यांचा. डोंगरातली मजगी, म्हणजे उतारावर बांध घालून केलेली खाचरं, पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत असते. ओढ्याच्या काठी असे आठ-दहा तुकडे सलग असतील तेव्हाच सर्व्हेअरला पिवळी जीभ काढता येते. सुटे तुकडे गळतात. म्हणून पिवळ्याचं क्षेत्रफळ ही कसलेल्या जमिनीची किमान बाजू समजा. समोच्च रेषांचंही तसंच. ५० फुटांच्या रेषांमध्ये हातभर उंचीच्या पायऱ्या दिसत नाहीत. रेषा एकदम विरळ होतात ती जागा फक्त ‘इथे खाचर होऊ शकतं’ एवढं सांगते.

नावं

पठाराच्या वापराचा निम्मा इतिहास नावांत असतो. येऊरवर पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचापाडा, भेंडीपाडा. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी. पाडा-वाडी म्हणजे राहती जागा, माळ म्हणजे चराईचं किंवा गवताचं मोकळं रान. राब (पेरणीआधी भाजलेली जागा), खाचर किंवा दळी (उतारावरची शेती) नावात आलं तर शेतीची थेट खूण. गवताला कमी लेखू नका. मुंबईतल्या घोड्यांना आणि तबेल्यांना ठाणे जिल्ह्यातून गवत जात होतं, त्यामुळे पांढरा माळ हा रिकामा नसून दरवर्षी कापला जाणारा असू शकतो.

नकाशावरची इंग्रजी वर्णाक्षरं उच्चारून मराठी नाव ठरवू नका. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांत घोळ असतो. पाड्यातल्या जाणत्या माणसाला विचारा, ‘या बाजूला काय म्हणता?’ नकाशातलं नाव आधी सांगितलं, की समोरचा मान डोलावतो आणि खरं नाव बाहेर येत नाही. एकच नाव दोन आवृत्त्यांत वेगळ्या जागी दिसलं, तर ती छापण्यातली चूक समजायच्या आधी पाडा हललाय का ते पाहा. साथ आली, पाणी आटलं किंवा वनखात्याने उठवलं, की पाडे सरकत. नाव सोबत जाई.

थर आखताना

क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी जिओपॅकेज फाइल (सगळे थर एकत्र ठेवणारी) करा. थर एवढे पुरतात: पिवळी शेती, वरकसची शक्यता, झाडी शेऱ्यासकट, वनहद्द, वस्ती, पाणी, वाटा. प्रत्येक आकृतीला चार रकाने द्या: शीट, सर्वेक्षणाचं वर्ष, मूळ खूण, आणि खात्री (१ ते ३). खात्रीचा रकाना नंतर सगळ्यांत कामाला येतो. जुना कागद स्वतःच पिवळा पडतो, त्यामुळे फिकट पिवळा ठरवताना शीटच्या कोऱ्या समासाचा रंग शेजारी ठेवून बघा.

वाटा आखायचा आळस करू नका. पाड्यातून निघून रानात संपणारी वाट उगाच संपत नाही. तिच्या टोकाला खाचर, गवताचा माळ, देवस्थान किंवा कोळशाची भट्टी असते.

दोन साक्षीदार

टोपोशीट एकटी पुरत नाही. पहिला साक्षीदार कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहाची १९६० ते १९७२ ची चित्रं. ती १९९५ मध्ये खुली झाली आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोररवर मिळतात. शेवटच्या कॅमेऱ्यांची चित्रं दोन मीटरच्या घरातली आहेत, त्यावर खाचरांचे बांध मोजता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची, ढग नसलेली फ्रेम निवडा. फिल्मच्या कडांना चित्र ताणलेलं असतं, म्हणून अख्खी पट्टी न बसवता येऊरपुरता तुकडा कापा. इथे स्प्लाइन चालतं, पण २५-३० बिंदू हवेत.

दुसरा साक्षीदार भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा. ८ इंच = १ मैल प्रमाणाच्या जुन्या प्रतीवर एक गुंठा सव्वा मिलिमीटर बाजूचा चौकोन दिसतो, म्हणजे टोपोशीटवर गळलेली मजगी इथे सापडते. मुंबई इलाख्याची मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. ३३ × ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. ओढ्याला चिकटून बारीक, लांबट सर्व्हे नंबरांची माळ असेल तर ती खाचरं. सोबत जुना सातबारा काढा आणि त्यात वरकस आणि पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती धरलाय ते बघा. इतर हक्कांत खाजगी वनाचा शेरा असेल तर तो ३० ऑगस्ट १९७५ च्या कायद्यातून आलेला आहे. त्याआधी जमीन कशाला वापरत होते हे तो शेरा सांगत नाही.

रानात

येऊरचा बराच भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. वनखात्याची लेखी परवानगी, सोबत पाड्यातला माणूस आणि अंधाराआधी परत, या तीन गोष्टींत तडजोड नको. बिबट्याचं रान आहे. खोदायचं नाही, दगड हलवायचा नाही. फेब्रुवारी-मार्च बरा, पानगळीनंतर जमिनीचा आकार दिसतो. ऑक्टोबरात कारवी आणि गवत सगळं झाकून टाकतं.

सोडून दिलेलं खाचर असं ओळखावं. ओढ्याकडून वर चढताना पाय अचानक सपाटीवर येतो. कड बघावी तर गुडघाभर दगडी बांध, मातीत अर्धा गेलेला, आणि त्यातून ऐनाचं झाड वर आलेलं. बांधाच्या एका टोकाला हातभर तोंडाची जागा, पाणी पुढच्या खाचरात सोडायची. आतली माती मूठभर घेतली तर बारीक, चिकट, बिनखड्यांची. बांधाच्या वरच्या उताराची माती मात्र दगडाळ. शेजारी वेचलेल्या दगडांचा ढीग. अशा तीन-चार पायऱ्या एकाखाली एक दिसल्या, की शंका उरत नाही. नैसर्गिक खडकाची पायरी सलग आणि आडवी लांब जाते. तिला पाणी सोडायचं तोंड नसतं आणि आतली माती निवडलेली नसते.

राबाची खूण झाडांवर असते. भाताचं आवण (रोपं) पेरण्याआधी जमीन भाजायला शेण, टहाळ (पाल्यासकट फांद्या), पालापाचोळा आणि गवत लागतं, आणि टहाळ मुख्यतः ऐनाची तोडत. आवणाला भातखाचराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जागा लागते, पण त्यासाठी टहाळ पुरवणारं रान कितीतरी मोठं. पुरुषभर उंचीवर वारंवार छाटलेला, तिथून एकदम पाच-सात फांद्या फुटलेला म्हातारा ऐन दिसला, तर ते रानसुद्धा शेतीचाच भाग होतं. नकाशावर ते निव्वळ हिरवं आहे.

जुन्या वस्तीला आंबा, फणस, चिंच, कळकाचं (बांबूचं) बेट आणि जवळपास वाघोबा या देवाचा दगड. कोळशाच्या भट्टीच्या जागी गोल सपाट ओटा आणि टाचेने उकरल्यावर काळी माती. सरळ रांगेत, एकाच जाडीचे साग असतील तर ती लागवड, तिच्याखाली जुने बांध आडवे जाताना सापडतात.

प्रत्येक खुणेची नोंद क्यूफील्ड या मोबाइल अॅपमध्ये करा, निर्देशांक आणि काठीचं माप ठेवून काढलेल्या फोटोसह. झाडीखाली मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडे-तिकडे जातं, म्हणून एका जागी दोन मिनिटं थांबून वाचन घ्या. झाडाच्या घेरावरून पडीक वर्षांचा आकडा काढू नका. ‘बांधात कवेत न मावणारा ऐन’ एवढंच लिहा.

वनहक्काच्या दाव्यासाठी वापरायचं असेल तर

वनहक्क कायदा २००६ च्या नियम १३ मध्ये गॅझेटिअर, मोजणीचे आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रह चित्रं, बांध आणि सपाटीकरणासारख्या जमिनीवरच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, हे सगळं पुरावा म्हणून धरलं आहे, आणि एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात. उपग्रह चित्र पूरक असतं. ते नाही म्हणून बाकीचे पुरावे बाद करता येत नाहीत.

ग्रामसभेपुढे नेण्यासाठी तीन कागद करा. जुन्या शीटचा तुकडा समासातल्या वर्षासकट. त्याच चौकटीचं आजचं चित्र, वर आखलेल्या सीमांसह, १:१०,००० वर ए३ कागदावर. आणि खुणांचा तक्ता, क्रमांक, निर्देशांक, फोटो क्रमांक, नकाशातला रंग. दोन्ही नकाशांवर उत्तर दिशा, मोजपट्टी आणि ‘जागेतली संभाव्य चूक ± ३० मीटर’ ठळक लिहा. ही ओळ गाळली की समोरचा एक सरकलेला बांध दाखवून सगळा नकाशा खोटा ठरवतो. वरकसच्या थरावर सर्वेक्षणाचा हंगाम लिहा. मूळ स्कॅन, बिंदूंची यादी आणि जबाबांच्या प्रती एकाच फोल्डरमध्ये ठेवून एक संच पाड्यात द्या, म्हणजे पुढच्या सुनावणीला तो कोणाकडे मागावा लागणार नाही.